नसलेल्या गोष्टींची फटफटी : मोतोबेकान आणि फ्रान्सची हलकी मोटरसायकल

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज बोलणार आहोत १२५ सीसीच्या एका जुन्या फ्रेंच मोटरसायकलीवर. दोन्हींचा संबंध काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. तो संबंध आधी दोन मिनिटांत सांगून टाकू आणि मग इतिहासाकडे जाऊ.

वैशेषिक दर्शनात पदार्थांची एक यादी आहे, तुमच्यापैकी अनेकांना ती ठाऊक असेल. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढच्या आचार्यांनी या सहांत सातव्याची भर घातली, ती म्हणजे अभाव. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं, आणि जे कळतं ते खरं असलं पाहिजे, असा त्यांचा साधा मुद्दा. पण त्यांनी एक अट घातली. नुसतं 'नाही' म्हणून चालणार नाही. कशाचं नाही, ते सांगा. ज्याचा अभाव आहे त्याला ते प्रतियोगी म्हणतात. घड्याच्या अभावाचा प्रतियोगी घडा. प्रतियोगी सांगितल्याशिवाय अभावाला अर्थ नाही.

आता हलकी मोटरसायकल घ्या. तिचं वर्णन करायला बसलं की आपण काय बोलतो? मागे शॉकॲब्सॉर्बर नाही. मोठं इंजिन नाही. अमुक मॉडेलला क्लच नाही, तमुकला गिअर नाही, लायसन्स लागत नाही. म्हणजे हे यंत्र आपण नसलेल्या गोष्टींतून ओळखतो. तेव्हा आज आपण प्रत्येक 'नाही'ला दोन प्रश्न विचारणार आहोत. हे कशाचं नसणं आहे? आणि ते नसणं कोणी ठरवलं? मोतोबेकान या फ्रेंच कंपनीचं साठ वर्षांचं आयुष्य, तिचं यश आणि तिचं बुडणं, या दोन प्रश्नांच्या उत्तरात बरंचसं सापडतं, असं आम्हांला वाटतं.

तर इतिहास. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. फ्रान्सचा उत्तर भाग उद्ध्वस्त, पुरुषांची एक पिढीच्या पिढी खंदकांत गेलेली, आणि जे परत आले त्यांना कामावर जायचं होतं. मोटारगाडी श्रीमंतांची. मोठी मोटरसायकल शौकिनांची. सामान्य माणसाकडे सायकल. या सायकलीच्या आणि मोटरसायकलीच्या मधली जागा रिकामी होती. १९२३ साली शार्ल बेन्वा आणि आबेल बार्दँ या दोघांनी पॅरिसला ईशान्येकडून चिकटलेल्या पाँतँ या कारखान्यांच्या गावात ही जागा भरायला घेतली.

कंपनीचं नावच बघा. 'मोतो' म्हणजे मोटर. 'बेकान' हा बोलीतला शब्द आहे, सायकलीला किंवा कुठल्याही यंत्राला प्रेमाने आणि थोडं तुच्छतेने म्हणायचा. आपल्याकडे 'फटफटी' म्हणतो ना, किंवा 'आपला खटारा आहे बाहेर', तसा. त्या काळात कंपन्यांची नावं संस्थापकांच्या आडनावांवरून नाहीतर ग्रीक देवतांवरून ठेवायची पद्धत. या दोघांनी रस्त्यावरचा शब्द उचलला. गिऱ्हाईक कोण, हे त्यातच आलं.

पहिलं मॉडेल एमबी-१. १७५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि मागच्या चाकाला फिरवायला चेनऐवजी पट्टा. सायकलीसारखी बारीक फ्रेम. ती चालली, खपली. त्यानंतर कंपनीने मोठं, ३०८ सीसीचं इंजिन काढायचं ठरवलं. ते फसलं तर मूळ नावाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी 'मोतोकाँफोर' हे दुसरं नाव काढलं, असं सांगितलं जातं. मॉडेल फसलं नाही, पण दुसरं नाव मात्र कायमचं राहिलं. पुढे कित्येक दशकं तीच गाडी दोन नावांनी विकली जात होती. टाकीवरचा बिल्ला तेवढा वेगळा.

इथे आपला दुसरा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो : नसणं कोणी ठरवलं? फ्रान्समध्ये वीसच्या दशकात सरकारने एक सवलत दिली. पेडल असलेली, ३० किलोंच्या आत वजनाची आणि ताशी ३० किलोमीटरच्या आत धावणारी मोटर-सायकल असेल, तर तिला मोटर वाहनाचा कर नाही. तिला म्हणायचं 'सहायक इंजिनाची सायकल'. तिसाच्या दशकात याच धर्तीवर १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा एक वर्ग आला, 'वेलोमोतर' नावाचा. म्हणजे काय झालं? ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिल इंजिनीयरच्या हातात होती, पण बाहेरची चौकट अर्थखात्याने आखून दिलेली होती. ३१ किलोंची गाडी आणि ३० किलोंची गाडी यांत रस्त्यावर काही फरक नाही. कागदावर मात्र एक मोटर वाहन आणि दुसरी सायकल. सगळे कारखानदार त्या रेषेच्या आत बसायला धडपडू लागले. गाडी हलकी झाली, पण हलकेपणाचं कारण भौतिकशास्त्रात नव्हतं, करात होतं.

मोतोबेकानला फक्त हलकं बनवता येत होतं, असं मात्र समजू नका. १९३० च्या सुमारास त्यांनी चार सिलिंडरची मोटरसायकल काढली. आधी ५०० सीसीची, पुढे ७५० सीसीचीही. मागच्या चाकाला ताकद चेनने नव्हे, शाफ्टने जायची. त्या काळाच्या मानाने फार पुढची गाडी. पण वेळ वाईट. जागतिक मंदी फ्रान्सच्या दारात येऊन ठेपली होती. चार सिलिंडरच्या गाड्या मोजक्याच बनल्या. कंपनी तगली ती छोट्या गाड्यांवर. हा धडा त्यांनी जरा जास्तच पक्का गिरवला, असं पुढचं पाहता म्हणावं लागतं. त्याकडे शेवटी येऊ.

मग दुसरं महायुद्ध, जर्मन ताबा, चार वर्षांची टंचाई. पेट्रोल सामान्य माणसाला मिळेनासं झालं. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं तरी टंचाई संपली नाही. पेट्रोलचं रेशनिंग फ्रान्समध्ये १९४९ पर्यंत चाललं. पोलाद हवं त्याला मिळत नव्हतं, रबर नव्हतं, रस्ते आणि पूल फुटलेले. रेल्वे मोडलेली. आणि माणसांना तर कामावर जायचंच होतं.

या परिस्थितीत पाँतँच्या कारखान्यातून जी गाडी बाहेर पडली तिचं नाव डी-४५. आजच्या व्याख्यानाची नायिका हीच. नावातला ४५ युद्ध संपलं त्या वर्षाचा. १२५ सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, तीन गिअर. पुढे जुन्या पद्धतीचा, स्प्रिंग आणि दांड्यांचा फोर्क. मागे काहीही नाही. चाक थेट फ्रेमला जखडलेलं. खड्ड्याचा धक्का सीटच्या स्प्रिंगांनी झेलायचा, उरलेला बसणाऱ्याच्या कण्याने.

हिच्या इंजिनाकडे जरा नीट पाहू. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नाहीत, बाजूला आहेत. १९४५ सालीसुद्धा ही पद्धत जुनीच मानली जात होती. बाजूच्या व्हॉल्व्हचं इंजिन ताकद कमी देतं, कारण ज्वलनाची जागा पसरट होते आणि मिश्रण फार दाबता येत नाही. मग ती का निवडली? कारण कमी दाबाचं इंजिन वाईट पेट्रोलवर चालतं, कुरकुर करत नाही. आणि दुरुस्ती सोपी. वरचं झाकण काढलं की पिस्टन समोर. व्हॉल्व्हचा सगळा पसारा खालीच राहतो, त्याला हात लावावा लागत नाही. गावातल्या लोहाराला, सायकलवाल्याला जमेल असं काम.

आणखी एक. टू-स्ट्रोक इंजिन बनवायला स्वस्त, पण त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळावं लागतं. आपल्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर किंवा लुना वापरली त्यांना पंपावरचं ते 'टू-टी' मारून घेणं आठवत असेल. आणि बाहेर पडणारा निळा धूर. टंचाईच्या दिवसांत ऑइल जाळून टाकणं म्हणजे चैन. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनात फिरत राहतं, पुन्हा पुन्हा वापरलं जातं. डी-४५ फोर-स्ट्रोक असण्यात हाही हिशोब असणार.

तेव्हा या गाडीतलं प्रत्येक 'नाही' तपासून बघा. मागचं सस्पेन्शन नाही, कारण त्यासाठी लागणारं साहित्य आणि वेळ नाही. डोक्यावरचे व्हॉल्व्ह नाहीत, कारण चांगलं पेट्रोल नाही. वेग नाही, कारण रस्ते नाहीत. हे सगळे अभाव बाहेरून लादलेले. कंपनीने त्यांचा स्वीकार केला, एवढंच. आणि म्हणून परिस्थिती जशी सुधारली तशा या उणिवा एकेक करून भरल्या गेल्या. नंतरच्या डी-४५ ला पुढे मागे सस्पेन्शन मिळालं. त्यानंतर वरच्या व्हॉल्व्हची १२५ आणि १७५ सीसीची मॉडेलं आली. टंचाईतून आलेला अभाव टंचाई संपली की संपतो. त्याला न्यायशास्त्रात प्रागभाव म्हणता येईल. घडा अजून घडलेला नाही, घडला की तो अभाव संपला. त्या गाडीला सस्पेन्शन अजून मिळायचं होतं, इतकंच.

आता गोष्टीला दुसरं वळण. रेशनिंग संपत होतं त्याच वर्षी, १९४९ साली, मोतोबेकानने पॅरिसमध्ये एक नवी गाडी मांडली. नाव मोबिलेत. एरिक जोल्म हा इंजिनीयर तिच्यामागे होता. ५० सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, सायकलीच्या फ्रेमला लटकवलेलं. इंजिनापासून एका मोठ्या पुलीपर्यंत पट्टा, तिथून मागच्या चाकाला चेन. आणि पेडल. पेडल मारून सुरू करायची, चढ आला की पेडल मारून मदत करायची, पेट्रोल संपलं तर सायकल समजून घरी यायचं. सुरुवातीच्या गाडीला क्लचसुद्धा नव्हता.

दिसायला ही डी-४५ पेक्षाही गरीब. पण हिच्यातले अभाव वेगळ्या जातीचे आहेत, आणि आमचा सगळा मुद्दा इथे आहे. त्यासाठी एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं बोट धरू.

जिल्बेर सिमोंदों याचं नाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. १९५८ साली त्याचं यंत्रवस्तूंच्या अस्तित्वाविषयीचं पुस्तक आलं. मोबिलेत फ्रान्सभर धावत होती त्याच वर्षांतलं. यंत्र 'सुधारतं' म्हणजे नेमकं काय होतं, हा त्याचा प्रश्न. त्याने दिलेलं एक उदाहरण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं आहे. मोटरसायकलीच्या सिलिंडरवर त्या पातळ पट्ट्या असतात, बघा, एकावर एक, पापुद्र्यांसारख्या. त्यांचं काम उष्णता बाहेर टाकणं. सुरुवातीच्या इंजिनांत त्या बाहेरून चिकटवल्यासारख्या होत्या. त्यांचं काम तेवढंच. नंतरच्या इंजिनांत त्याच पट्ट्या डोक्याला बळकटीही देऊ लागल्या, घराच्या छताला वासे देतात तशी. म्हणून खालची भिंत पातळ करता आली. भिंत पातळ म्हणून उष्णता लवकर बाहेर. एकाच भागाने दोन कामं केली आणि दोन्ही आधीपेक्षा चांगली झाली. सिमोंदों याला यंत्राचं 'मूर्त होत जाणं' म्हणतो. कच्च्या यंत्रात प्रत्येक कामाला वेगळा भाग लागतो, मुरलेल्या यंत्रात भाग एकमेकांची कामं वाटून घेतात.

आता मोबिलेतकडे परत. पन्नासच्या दशकात तिला आपोआप पकडणारा क्लच मिळाला. इंजिनाचा वेग वाढला की फिरण्याच्या जोराने आतले तुकडे बाहेर फेकले जातात आणि क्लच लागतो. हाताने दाबायची मूठ नाही. पुढे बदलत्या व्यासाची पुली आली. वेगाप्रमाणे पुलीच्या दोन तबकड्या जवळ किंवा लांब जातात, त्यामुळे पट्टा कधी छोट्या घेरावर चालतो कधी मोठ्या. गिअर न टाकताच गिअर बदलल्याचा परिणाम. पण इथे एक अडचण आहे. घेर बदलला की पट्टा कधी सैल पडणार, कधी ताणला जाणार. ताण ठेवायला एखादी वेगळी योजना हवी. मोतोबेकानच्या लोकांनी काय केलं? इंजिनच एका खिळीवर झुलतं ठेवलं आणि मागून स्प्रिंग लावली. पट्टा सैल पडला की इंजिन पुढे सरकतं, ताणला गेला की मागे. इंजिन स्वतःच ताण राखतं.

हे जरा थांबून लक्षात घेऊ या. इथे क्लचची मूठ नाही, गिअरचा दांडा नाही, ताण राखणारी वेगळी कप्पी नाही. पण यातलं काही टंचाईमुळे गेलेलं नाही. कुणीतरी विचार करून ते काम दुसऱ्या भागाकडे सोपवलं, म्हणून तो भाग उरला नाही. टंचाई संपली तरी हे अभाव भरून काढायची गरज नाही. भरले तर यंत्र बिघडेल. डी-४५ आणि मोबिलेत दोन्ही 'साध्या' गाड्या. पण एकीचा साधेपणा परिस्थितीचा आणि दुसरीचा बुद्धीचा.

मोबिलेतचा तिसरा अभाव कायद्याचा होता. ५० सीसीच्या आत, पेडल असलेली, म्हणून तिला परवाना नाही, नंबरप्लेट नाही. चौदा वर्षांचं पोरही चालवू शकत होतं. कामगार, शाळकरी मुलं, पोस्टमन, खेड्यातल्या बायका, पाद्री, सगळे तिच्यावर. कंपनीने उत्तरेला सँ-काँतँ इथे मोठा कारखाना काढला. स्पेनमध्ये, इंग्लंडमध्ये परवान्यावर मोबिलेत बनू लागली. इंग्लंडमध्ये सायकलींच्या रॅली कंपनीने. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषिक देशांत 'मोबिलेत' हे सामान्यनाम झालं. कुठल्याही मोपेडला तोच शब्द. एकूण सुमारे १ कोटी ४० लाख मोबिलेत बनल्या, असं सांगितलं जातं.

भारतातही ती आली, वेगळ्या नावाने. साठच्या दशकात तिरुपतीच्या मोपेड्स इंडिया या कंपनीने मोतोबेकानच्या सहकार्याने 'सुवेगा' बाजारात आणली. दक्षिणेत ती बरीच दिसायची. आपल्याकडे, महाराष्ट्रात, मोपेड म्हटलं की कायनेटिकची लुना. १९७२ ची. तिचं कूळ मात्र इटलीचं, पियाज्जोकडचं. पण लुना आणि सुवेगा या एकाच विचाराच्या लेकी. सायकल आणि स्कूटर यांच्या मधली जागा. शिक्षक, कारकून, दूधवाले, विमा एजंट, नोकरीला लागलेल्या मुली यांच्यासाठी ती जागा किती मोठी होती, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. बसची वाट न बघता घरून निघता येणं, ही गोष्ट ज्याला आधी मिळाली नव्हती त्यालाच तिची किंमत कळते.

इथे दुसरा एक विचारवंत आठवतो, इव्हान इलिच. १९७३ च्या तेलसंकटाच्या वर्षी त्याने पॅरिसच्या 'ल माँद' या वर्तमानपत्रात ऊर्जा आणि समता यांविषयी लेख लिहिले. त्याचा दावा असा की वाहतुकीचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की समाजात विषमता वाढते. वेगवान माणसाचा वेळ महाग होतो, रस्ते त्याच्यासाठी बांधले जातात, आणि हळू जाणाऱ्याचा वेळ हिरावला जातो. ही मर्यादा त्याने ताशी सुमारे २५ किलोमीटरवर, साधारण सायकलीच्या वेगावर ठेवली. आकड्याशी वाद घालता येईल. पण मर्यादा म्हणजे उणीव नव्हे, कधी कधी ती सगळ्यांसाठी जागा राखते, हा त्याचा मुद्दा मोबिलेतवर बसून पाहिला तर पटतो.

मग एवढं सगळं असताना कंपनी बुडाली का?

पहिलं कारण मोटारगाडी. रेनोची छोटी ४ सीव्ही युद्धानंतर लगेच आली, सित्रोएनची २ सीव्ही १९४८ च्या प्रदर्शनात. पन्नासच्या दशकात फ्रेंच कुटुंबांच्या हातात पैसा आला आणि बाप मोटरसायकलीवरून मोटारीत गेला. १२५ आणि १७५ सीसीच्या गाड्यांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. तेरो, मोने-ग्वायाँ अशी जुनी नावाजलेली नावं दशक संपतासंपता मिटली. डी-४५ चा वारसा तिथेच थांबला. मोतोबेकान टिकली ती मोबिलेतच्या जिवावर. कारण मोबिलेतचं गिऱ्हाईक मोटार घेऊ शकत नव्हतं किंवा मोटार चालवायच्या वयाचं नव्हतं.

आणि इथे धोका दडलेला होता. छोटी गाडी तारते, हा मंदीतला धडा आता कंपनीचा स्वभाव झाला होता. सत्तरच्या दशकात जपानी मोटरसायकली युरोपात आल्या आणि तरुणांना मोठी, वेगवान गाडी पुन्हा हवीशी झाली. मोतोबेकाननेही १२५ सीसीची दोन सिलिंडरची गाडी काढली, ३५० सीसीची तीन सिलिंडरची काढली. शर्यतीत तर ती कमी पडली नाही. १९८० साली गी बेर्तां हा स्वार तिच्यावर बसून १२५ सीसीच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. पण बाजारात जपान्यांसमोर टिकाव लागला नाही. आणि घरची मोबिलेतही घसरू लागली. फ्रान्समध्ये सत्तरच्या दशकात हेल्मेटची सक्ती टप्प्याटप्प्याने मोपेडवाल्यांपर्यंत पोहोचली. डोक्यावर काही न घालता, टोपी सावरत जाण्याची जी सहजता होती, ती गेली.

हेल्मेटच्या सक्तीला आम्ही वाईट म्हणत नाही, हे स्पष्ट सांगतो. उलट, इथे अभावाचा हिशोब पूर्ण मांडायला हवा. हेल्मेट नसणं हाही एक अभाव होता, आणि त्याची किंमत कोणी तरी देत होतं. कारखाना नव्हे, कायदा करणारे नव्हेत. चौकात पडलेली अठरा वर्षांची मुलं देत होती. कायद्याने दिलेल्या सवलतीत यंत्राची हुशारी नसते. ती सवलत आहे. ती परत घेतली जाऊ शकते, आणि कधी कधी घेतलीच पाहिजे. मोतोबेकानच्या खपात किती वाटा जोल्मच्या हुशारीचा आणि किती वाटा सवलतीचा, हा हिशोब कंपनीने वेळेवर मांडलेला दिसत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळं निघालं. जपानच्या यामाहाने कारखाना घेतला, आणि १९८४ पासून नाव झालं एमबीके. मोबिलेत त्या नावाखाली अजून काही वर्षं बनत राहिली, पण कंपनी ती राहिली नाही.

आता तिन्ही अभाव एकत्र ठेवून बघू. एक, टंचाईने लादलेला. डी-४५ चं जखडलेलं मागचं चाक. हा दिवस बदलले की जातो, आणि गेला तर बरंच. दोन, बुद्धीने मिळवलेला. मोबिलेतचं झुलतं इंजिन. हा टिकतो. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक पेट्रोलची बिनगिअरची स्कूटर आपोआप पकडणारा क्लच आणि बदलत्या घेराची पुली घेऊन धावते. मोबिलेतमध्ये मुरलेला तो विचार तिच्यात आहे, नाव कुणाला ठाऊक नसलं तरी. आणि तीन, कायद्याने बहाल केलेला. परवाना नाही, नंबर नाही. हा दुसऱ्याच्या हातात असतो.

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर आपल्याच कायद्याकडे पाहू. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवायला सोळा वर्षांचं वय पुरतं. तो ५० चा आकडा कुठल्या जगातून आला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. याच कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर त्याला मोटार वाहनच म्हणत नाहीत. आणि विजेच्या गाड्यांसाठी नियम असा की २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर ती मोटार वाहनात मोडत नाही. म्हणजे परवाना नाही, नोंदणी नाही. वीसच्या दशकातली ३० किलो, ३० किलोमीटरची रेषा, शंभर वर्षांनी, वेगळ्या आकड्यांत आपल्या शहरांत आली आहे.

पुण्यात, नाशकात, नागपुरात या छोट्या विजेच्या गाड्या आता शाळेच्या दारात उभ्या दिसतात. जाहिरातीतला मोठा अक्षरांतला मजकूर बहुधा हाच : लायसन्स नको, नोंदणी नको. त्यावर सोळा वर्षांची मुलगी क्लासला जाते, साठीचे आजोबा भाजी आणायला जातात, घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा दिवसभर फिरतो. त्यांना हे स्वातंत्र्य मिळतंय ते मोलाचं आहे. लुनाने त्यांच्या आजी-आजोबांना हेच दिलं होतं. पण गाडी विकत घेताना तिच्यातल्या प्रत्येक 'नाही'ला आपण आज केलेले दोन प्रश्न विचारावेत, असं आम्ही सुचवू. चांगला ब्रेक नाही, तो कोणाच्या हुशारीमुळे नाही की पैसे वाचवायला नाही? वेग नाही, तो मोटरच तशी आहे म्हणून नाही, की एक वायर काढली की गाडी भरधाव सुटेल? हेल्मेट लागत नाही असं दुकानदार म्हणतो, ते डोक्याला लागत नाही म्हणून की कायद्याला लागत नाही म्हणून?

पाँतँच्या त्या कारखान्यात १९४५ साली ज्यांनी जुन्या पद्धतीचं इंजिन डी-४५ मध्ये बसवलं, त्यांना आपल्या गाडीत काय नाही आणि का नाही हे नीट ठाऊक होतं. चाळीस वर्षांनी त्यांच्या वारसांना ते सांगता येईना. आपण कुठे आहोत, हे आपल्याला सांगता यायला हवं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. झुलत्या इंजिनाची आकृती फळ्यावर काढून हवी असेल, तर तीही काढतो.